त्रेसष्ट हजार किलोमीटर

“मगदूमशेठ? अहो, मगदूमशेठच ना तुम्ही?”

मी उकिडवा बसून एका गाडीच्या टायरवरचा आकडा वाचत होतो. कंबर धरली होती. शेठ म्हणून मला हाक मारणारं माणूस चार वर्षांत भेटलं नव्हतं, त्यामुळं ही हाक दुसऱ्याच कुणाला असेल असं समजून मी मान वर केली नाही. शोरूममध्ये पोरं मला मगदूमकाका म्हणायची आणि मालक नुसतं मगदूम. शेठ मी होतो ते मिरज रस्त्याला माझं स्वतःचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं तेव्हा. ते बुडालं आणि बावन्नाव्या वर्षी मी लोकांच्या शोरूममध्ये नोकरीला लागलो. काम तेच. नवी गाडी घ्यायला येणारा आपली जुनी गाडी बदल्यात द्यायचा, तिची किंमत मी लावायची.

“ओळखलं नाही? मी खरमाटे. एस.टी.तला. मिरज डेपोचा कंट्रोलर.”

तेव्हा उठलो. पण खरं सांगायचं तर माणसाच्या आधी मी त्याच्या मागं उभी असलेली गाडी ओळखली. चंदेरी रंगाची, छोटी, डिझेल, दोन हजार नऊ सालची. सकाळीच धुतलेली दिसत होती, चाकांच्या खोबणीतसुद्धा पाणी होतं. सात वर्षांपूर्वी मीच ती त्यांना विकली होती.

“खरमाटेसाहेब, या की. किती दिवसांनी!” मी म्हणालो. तोंड आपोआप चालतं. धंद्यातली सवय.

“अगं, उतर की खाली. बघ कोण आहे इथं,” ते गाडीकडं वळून म्हणाले. “आता काळजी नाही. घरचाच माणूस भेटला.”

त्यांच्या पत्नी उतरल्या. ठेंगण्या, हसऱ्या बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत वह्या. मला नमस्कार करून म्हणाल्या, “भाऊ, यांची एकच घाई चाललीय. शनिवारच्या आत नवी गाडी दारात पाहिजे.”

“शनिवारी काय?”

“वैजू येतीय आमची. बाळंतपणाला. पहिलंच.” बाईंच्या चेहऱ्यावर ते मावत नव्हतं. “आणि जावई स्वतः आणून सोडणारेत. चार दिवस राहणारेत. लग्नानंतर पहिल्यांदा मुक्कामाला.”

“दवाखान्यात न्यायचं-आणायचं मलाच,” खरमाटे म्हणाले. “आणि माझा हा डावा गुडघा. ऑपरेशन झालंय, पण क्लच दाबला की ब्रह्मांड आठवतं. म्हटलं, ती बिनक्लचची घ्यावी. ऑटोमॅटिक. हिला काय भाव देताय बोला.”

सहा वर्षं झाली या गोष्टीला. त्या सकाळी अकरा वाजता ते आले आणि एक-दीडच्या सुमाराला गेले. अडीच तासांची गोष्ट. पण अजून मी कुठं मुकाट बसलेलो असलो की बायको विचारते, काय झालं, आणि मी म्हणतो, काही नाही, कंटाळा आलाय.

मी त्यांना आत बसवलं, चहा मागवला. काउंटरला तृप्ती आवटी होती. एक्सचेंजचे सगळे कागद ती बघायची. चलाख मुलगी, कामाला पक्की. खरमाट्यांनी तिच्यापुढं विम्याचा कागद ठेवला आणि बोटानं आकडा दाखवला.

“दोन लाख ऐंशी. इन्शुरन्सवाल्यांनीच लिहिलंय.”

“काका, तो आकडा गाडी चोरीला गेली तर,” तृप्ती हसून म्हणाली. “विकायला काढली की वेगळा.”

“वेगळा म्हणजे कमी ना?”

“ते मगदूमकाका सांगतील. मालक कितवा, टायर कसे, पत्रा कुठं ठोकलाय का, आणि मुख्य म्हणजे पळाली किती.”

“पळाली किती ते मी सांगतो की!” खरमाटे खूश झाले आणि त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. तीन जाड वह्या, तपकिरी कागदाची कव्हरं घातलेल्या. “एस.टी.त बत्तीस वर्षं हेच केलं. गाडी किती वाजता गेली, किती वाजता आली, किती किलोमीटर झाले. सवय सुटत नाही. हे बघा, घेतली त्या दिवशी, मगदूमशेठच्या दुकानातनं बाहेर काढली तेव्हा, एकोणचाळीस हजार. आणि आज सकाळी एक्क्याण्णव हजार दोनशे. एक दिवस चुकवला नाही.”

बाई हसल्या. “मध्ये सात महिने दुसऱ्याच्या हातचं आहे ते सांगा.”

“ते जावयाचं,” खरमाटे म्हणाले. पान उलटून त्यांनी दाखवलं. त्यांच्या उभ्या, दाबून लिहिलेल्या आकड्यांच्या मधोमध गोल गोल अक्षरातली काही पानं होती. “सतरा साली, जून ते डिसेंबर. तो खतं-औषधांच्या कंपनीत लागला होता. सगळं फिरतीचं काम आणि बुडाखाली गाडी नाही. म्हटलं, ही घेऊन जा. फक्त रोज लिहायचं. तेवढी एकच अट.”

“त्या गाडीनंच मोडला बघा आमचा अबोला,” बाई मला हळूच म्हणाल्या. “पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं. परजातीत. दोन वर्षं यांनी तिचं नाव काढू दिलं नाही घरात. दीर तर अजून म्हणतात, तसल्या लोकांवर भरवसा ठेवू नका, एक दिवस पस्तावाल. आणि मग हेच एका सकाळी उठले, गाडीची किल्ली घेतली आणि हणमंतच्या हातात देऊन आले. मला सांगितलंसुद्धा नाही.”

“आता ते कशाला उगाळत बसलीस?” खरमाटे म्हणाले. पण चेहऱ्यावर समाधान होतं.

मी चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडी बघायला बाहेर आलो.

बघायचं काय होतं? मला ती पाठ होती. दोन हजार बारा साली ती माझ्याकडं आली तेव्हा तीन वर्षांची होती. एका ठेकेदारानं नुसती पिदडून काढलेली. मीटरवर एक लाख दोन हजार. लाखाच्या वर आकडा दिसला की गिऱ्हाईक दार उघडूनसुद्धा बघत नाही. कोल्हापूरहून एक जण यायचा, लॅपटॉप घेऊन. अर्ध्या तासाचं काम. त्याला आम्ही गाडीचं वय कमी करणं म्हणायचो. “किती करू?” त्यानं विचारलं. “चाळिसाच्या आत ठेव,” मी म्हणालो. त्यानं एकोणचाळीस केले. चहा पिऊन, पैसे घेऊन गेला. तेव्हा सगळेच करायचे. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. ते खोटंही नाही. पण त्याचा उपयोग काही होत नाही.

मी उगीच गाडीभोवती फिरलो. बॉनेट उघडलं, बंद केलं. दारांचे रबर ओढून बघितले. खरमाट्यांनी गाडी जपली होती, अगदी लेकरासारखी. मीटर खोटा असला तरी गाडी चांगली होती, आणि मी मनात म्हटलं, दोन पस्तीस लिहू. त्यांचंही काम होईल आणि माझ्याही मानेवरचं जाईल. गुपचूप जायला पाहिजे फक्त.

फॉर्म भरून आत आलो. तृप्तीनं तो बघितला आणि म्हणाली, “काका, स्कॅनर?”

“जुनी गाडी आहे गं. हिला कशाला स्कॅनर?”

“सरांनी सांगितलंय ना. स्कॅनशिवाय फॉर्म पुढंच जात नाही. मी लावते, तुम्ही बसा. दमलेले दिसताय.”

स्कॅनर येऊन आठ दिवस झाले होते. स्टिअरिंगखाली वायर लावायची की पडद्यावर गाडीचं सगळं पोट दिसायचं. आम्ही तेव्हा नुसता मीटर मागं घ्यायचो. गाडीच्या आत दुसऱ्या एका डब्यात खरा आकडा राहतो, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. मी काचेतून बघत उभा राहिलो. तृप्ती गाडीत बसली. थोड्या वेळानं उतरली, पुन्हा बसली. पुन्हा उतरली ती भुवया वर करूनच.

“काका,” ती खरमाट्यांना म्हणाली, आवाज तिनं शक्य तेवढा खाली ठेवला होता, “मीटरमध्ये फरक आहे.”

“कसला फरक?”

“मीटर एक्क्याण्णव हजार दाखवतोय. आतला आकडा एक लाख चोपन्न हजार आहे.”

“मशीन चुकलं असेल.”

“दोनदा लावलं, काका. कुणीतरी मीटर मागं घेतलाय. त्रेसष्ट हजारांनी.”

“कुणीतरी म्हणजे कुणी?” खरमाट्यांचा आवाज चढला. “गाडी माझ्या दारात असते. किल्ली माझ्या खिशात असते. म्हणजे मी? बत्तीस वर्षांत माझ्या कागदावर एकदा खाडाखोड झाली नाही, आणि मी मीटर मागं घेऊन तुम्हाला फसवायला आलो?”

पलीकडच्या टेबलावर एक जोडपं नव्या गाडीचे रंग बघत बसलं होतं. ते वळून बघायला लागलं. एक सेल्समन गालात हसला. आमच्याकडं अशी माणसं रोज येतात, चोराच्या उलट्या बोंबा, असं काहीतरी त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“काका, मी तसं म्हणत नाही. पण मला नियमाप्रमाणं भाव कमी करावा लागेल. एक चाळीसच्या वर नाही जाता येणार.”

“भाव गेला चुलीत,” खरमाटे म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “मगदूमशेठ, तुम्ही सांगा हिला. तुम्ही गाडी दिलीत तेव्हा एकोणचाळीस हजारच होते ना?”

तृप्ती माझ्याकडं बघत होती. तो सेल्समन बघत होता. आत काचेच्या खोलीत मालक फोनवर बोलत होता. मला आठवतंय, त्या क्षणी मी खरं-खोटं असला विचारच केला नाही. घराचा हप्ता, पुन्हा कुठं नोकरी, या वयात, एवढंच डोक्यात आलं.

“हो,” मी म्हणालो. “एकोणचाळीसच.”

पुढं आणखी चार वर्षं मी त्या शोरूममध्ये नोकरी केली, ती या दोन शब्दांवर.

खरमाटे खाली बसले. मला वाटलं, आता ते भांडतील, गाडी घेऊन निघून जातील. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि वही उघडली.

“त्रेसष्ट हजार,” ते स्वतःशीच म्हणाले. “सात महिने. म्हणजे दोनशे दहा दिवस धरा.” त्यांनी समासात भागाकार मांडला. डेपोत मांडत असतील तसा, सावकाश, आकड्याखाली आकडा. मग पेन थांबलं.

“तीनशे,” ते म्हणाले. “बरोब्बर तीनशे. शेष शून्य.”

“काय तीनशे?” बाईंनी विचारलं.

“रोजचे लपवलेले. मिरज ते जत, जतवरनं आटपाडी, आटपाडीवरनं परत मिरज. अडीचशेच्या वर होतात. मधल्या खेड्यांचं आत-बाहेर धरलं की साडेतीनशेपर्यंत जातात. हाच त्याचा रूट होता.” त्यांनी गोल अक्षरातली पानं उलटली. “आणि यानं लिहिलेत किती? सात महिन्यांत नऊ हजार चारशे. दिवसाला पंचेचाळीस. पंचेचाळीस किलोमीटरमध्ये कुणी जतला जाऊन येतं का? मी बत्तीस वर्षं गाड्या सोडल्यात, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही!”

“अहो, तो काय रोज गाडीनं जायचा का? वैजू सांगायची की, बरेच दिवस एस.टी.नंच जातात, डिझेल परवडत नाही म्हणून.”

“सांगायची! त्यानं तिला सांगितलं, तिनं तुला सांगितलं. आकडा खोटं बोलत नाही. शेष शून्य आलाय.”

मला ओरडावंसं वाटलं. अहो, तो निव्वळ योगायोग आहे! मी ‘चाळिसाच्या आत ठेव’ म्हणालो म्हणून एकोणचाळीस झाले. मी पस्तीस म्हणालो असतो तर तुमचा भागाकार सुटला नसता. पण त्या माणसाला मी ओळखत होतो. आयुष्यभर ज्याच्या पुढ्यात फक्त आकडे आले, त्याचा आकडा एकदा जुळला की त्याच्यापुरता विषय संपला.

“अप्पा म्हणतच होता,” खरमाटे म्हणाले. अप्पा म्हणजे त्यांचा भाऊ. “मीच येडा. गाडी दिली मी त्याला. मागितली पण नव्हती. आणि त्यानं गाडीला डाग लावून, वर साळसूदपणे वही लिहून आणून दिली मला.” त्यांनी वही मिटली. “मला चोर ठरवलं चारचौघांत.”

ते फोन घेऊन उठले आणि लंगडत बाहेर गेले. आत रेंज नीट येत नसे.

बाई माझ्याकडं वळल्या. त्यांनी हात जोडले.

“भाऊ, काहीतरी करा हो. तुमचं ऐकतील ते. मशीन बिघडलंय म्हणा, तुमच्याकडनंच काही चुकलंय म्हणा, काहीही म्हणा. आता फोन केला ना यांनी, तर पोरगी पुन्हा या घरात पाऊल ठेवायची नाही. आठवा संपत आलाय तिचा. मी ओळखते यांना. एकदा तोडलं की तोडलं.”

“मी बोलतो,” मी म्हणालो.

माझ्यावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, मी खरंच ठरवून बाहेर गेलो. काचेचं दार ढकललं तेव्हा माझ्या मनात काही शंका नव्हती. फार दमलो होतो मी. सात वर्षांपूर्वीच्या एका गाडीनं नव्हे, त्या सगळ्याच गाड्यांनी.

खरमाटे गाड्या धुवायच्या रॅम्पजवळ उभे होते. चष्मा कपाळावर चढवून फोनमध्ये नाव शोधत होते.

“साहेब, थांबा. फोन करू नका,” मी म्हणालो. “हणमंतनं काही केलेलं नाही. मी केलंय. तुम्हाला गाडी विकायच्या आधी मीच मीटर मागं घेतला होता. गाडी एक लाख दोन हजार पळालेली होती. मी एकोणचाळीस केले.”

बोलून झालं. एवढंसं होतं ते.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. पण त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“हिनं शिकवलं ना तुम्हाला असं म्हणायला?”

“नाही हो! खरं सांगतोय.”

“मी काचेतनं बघितलं. हात जोडत होती तुमच्यापुढं.” ते मान हलवत राहिले. “मगदूम, तुम्ही भला माणूस आहात. मी गाडी घ्यायला आलो तेव्हाचं विसरलो नाही मी. मागच्या दाराचा पोचा पुट्टी भरून बुजवलेला होता. रंग इतका बेमालूम की मला काय, मेकॅनिकला दिसली नसती. तुम्ही स्वतः मला तिथं नेलंत, बोट फिरवून दाखवलंत आणि न मागता पाच हजार कमी केलेत. असा माणूस मीटर मागं घेईल?”

आता यावर काय सांगणार? आमच्या धंद्यात ती पहिली शिकवण असते. एक बारीक खोट आपण होऊन दाखवायची. मग गिऱ्हाईक बाकीचं बघत नाही.

“ती पुट्टी मी त्याचसाठी दाखवली होती,” मी म्हणालो. “तुमचा विश्वास बसावा म्हणून. तो डाव असतो, साहेब. आम्ही सगळ्यांना दाखवतो.”

“पुरे आता,” ते म्हणाले, पण जरासे घुटमळले. माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. कंट्रोलरची नजर होती ती. उशिरा आलेल्या ड्रायव्हरची थाप ते अशीच तपासत असतील.

“बरं,” ते म्हणाले. “खरं बोलताय ना तुम्ही? मग चला आत. त्या मुलीसमोर, तुमच्या मालकासमोर हेच बोला. मी हणमंतला फोन करत नाही. उलट शनिवारी तो आला की त्याची माफी मागतो, मनातल्या मनात का होईना. चला.”

त्यांनी दाराकडं हात केला.

वीस पावलं असतील. काचेतून तृप्ती दिसत होती, माझा फॉर्म दुरुस्त करत होती. मालकाचा फोन संपला होता. तो कुणाशीतरी हसत होता. एक्सचेंजच्या गाड्या तपासणारा आमचा माणूस पूर्वी स्वतःच मीटर फिरवायचा, हे कळल्यावर त्यानं मला संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवलं नसतं. बातमी सांगलीभर झाली असती. दुसरं कुणी दारात उभं केलं नसतं.

मी पाऊल उचललं असं मला वाटलं. खाली बघितलं तर मी होतो तिथंच होतो.

“चला ना,” खरमाटे म्हणाले. आवाजात राग नव्हता. उलट त्यांनाही ते हवं होतं, हे मला आता कळतं. मी चाललो असतो तर त्यांचा जावई त्यांना परत मिळाला असता. ते वाट बघत होते. बरेच थांबले.

मी म्हणालो, “साहेब, आत नको. माझी नोकरी आहे. मी तुम्हाला सांगतोय ना.”

“झालं तर,” ते म्हणाले. हात खाली आला. “खोटं रेटून न्यायला पण जीव लागतो, मगदूम. तुमच्यात तो नाही. आणि बरंच आहे ते. माझ्या घरच्या घाणीपायी तुम्ही कशाला नोकरी घालवताय?”

त्यांनी माझ्याकडं पाठ करून फोन लावला.

“हणमंत? हं. मी बोलतोय. शनिवारी येऊ नका. नाही, दोघंही नको. कारण तुला माहीत आहे. मीटरचं कळलंय मला. कुठला मीटर काय विचारतोस? नाही. तिला फोन देऊ नकोस. तिला देऊ नकोस म्हणतो ना! बाळंतपण तुझ्या आईकडं करा. आम्ही येणार नाही.”

फोन खिशात ठेवला. दोन-तीनदा ठेवावा लागला, खिसा सापडत नव्हता. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “गाडी घेऊन टाका. एक चाळीस तर एक चाळीस. ती परत माझ्या दारात नको.” आणि सह्या करायला लंगडत आत गेले.

मी रॅम्पच्या कठड्याला टेकलो. मागं कुणीतरी हुंदका दिला. वळून बघितलं तर बाई. त्या कधी बाहेर आल्या होत्या ते मला कळलंच नव्हतं. पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

“ऐकलं मी सगळं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, एक तरी माणूस आहे. एकीला तरी कळलं.

“वहिनी—”

“नाही, भाऊ, काही बोलू नका.” त्यांनी डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडले. “आमचं नशीबच खोटं. पण तुम्ही माझ्या लेकीसाठी स्वतःच्या अंगावर एवढा मोठा आळ घेतलात. कोण करतं हो परक्यासाठी एवढं? सख्ख्या दिरानं केलं नसतं. देव तुमचं भलं करो.”

रॅम्पवर कुणीतरी पाणी सोडलं. आत खरमाटे टेबलावर वाकून सही करत होते.

“असू द्या, वहिनी,” मी म्हणालो.